सांधणी

एकोणिसाव्या वर्षी एक जाडजूड पुस्तक वाचलं,
सुबराव हुंदरेकडून उसनं आणलेलं, कधी परत न केलेलं.
त्यात होतं: माणसानं कुणाचं काही लागू नये,
दया म्हणजे आळशांनी बसवलेला कर,
आणि उंच माणूस एकटाच उभा असतो.
मी पाच फूट तीन इंच.
वडगावच्या गल्लीत, यंत्रमागांच्या खडखडाटात,
जिथं ओरडल्याशिवाय मीठसुद्धा मागता येत नाही,
तिथं मी ते मनातल्या मनात वाचलं
आणि वाटलं, अख्ख्या बेळगावात
जागा झालेला मी एकटाच.

दुसऱ्या रेल्वे गेटपाशी सुबराव कोडी घालायचा:
खानापूरच्या पुलाखाली, मलप्रभेत, एक जण बुडतोय.
काय करशील?
मी म्हणायचो, आधी विचारीन, त्यात माझं काय.
आम्ही खूप हसायचो.
चहाचे पैसे सुबराव द्यायचा.

त्या चैत्रात बापाच्या मागावरचा ताणा संपला.
नवा जुन्याला जोडायचा, धाग्याला धागा,
चोवीसशे धागे.
एकानं निवडून द्यायचा,
दुसऱ्यानं राख लावलेल्या बोटांनी पिळायचा.
बाप म्हणाला, बसतोस का जरा?
मी म्हणालो, माझी संध्याकाळ माझी आहे.
वाक्य पुस्तकातलं, इंग्रजी. मराठी तेवढं माझं.
बापानं चष्मा पुसला
आणि समोरच्या गौरव्वाला हाक मारली.
ती पदर खोचून मागाच्या पलीकडे बसली,
कानडीत काहीतरी म्हणाली,
बाप मराठीत हसला.
मी माडीवर दिवा लावून
स्वावलंबनाचं प्रकरण संपवलं.
दिव्याचं बिल बापाच्या नावावर यायचं.

खोटं कशाला बोलू, कणाही त्याच पुस्तकानं दिला.
टेबलाखालून हात पुढे करणाऱ्या एका साहेबाला
मी नाही म्हणालो ते त्याच्याच जोरावर.
ते 'नाही' अजून जवळ आहे. ते ठेवणार.

बाकीचं कुणी खोडून काढलं नाही.
वाद घालायला कुणी आलंच नाही.
ते नुसतं आखूड होत गेलं
शाळेतल्या चड्डीसारखं,
एकदा खाली बसायला गेलो आणि शिवण उसवली.
कधी, ते नक्की सांगता येत नाही.
मुलीला कावीळ झाली तेव्हा?
की उद्यमबागेतल्या कारखान्याला कुलूप लागलं
आणि सुबरावनं काही न विचारता
आपल्या लेथवर उभं केलं तेव्हा?
(पुस्तकाची आठवण त्यानं तेव्हाही काढली नाही.)
की बाप गेल्यावर, तेराव्याला,
त्याच्या कोटाच्या खिशात ती वही सापडली?
आपण कुणाचे किती धागे सांधले
ते नव्हतं लिहिलेलं.
आपले कुणी सांधून दिले, तेवढंच.
गौरव्वा, अकरा वेळा.
खालच्या आळीचा इस्माईल, चार.
कुणी एक 'चिकोडीचा पाहुणा', एकदा.
मी माझं नाव शोधलं.
दोनदा शोधलं.

परवा गौरव्वाच्या मागावरचा ताणा संपला.
मुलगा हुबळीला, सून बाळंतपणाला गेलेली.
डोळे आता तिचेही गेले, बोटं तेवढी बघतात.
मी गेलो. का गेलो,
ते त्या पुस्तकाच्या भाषेत सांगता येत नाही,
आणि दुसरी मला नीटशी येत नाही अजून.
एकेक धागा तिच्या चिमटीत देत राहिलो.
तासाभरात पाठ भरून आली.
तीन धागे चुकवले, तिनं न बघता परत दिले.

मधेच म्हणालो,
तेव्हाच बसायला हवं होतं मी.
माग बंद होता, तरी तिला ऐकू गेलं नसावं.
की गेलं.
"इरली बिडो तम्मा," म्हणाली,
आणि मोकळी बोटं माझ्यापुढे धरली:
राख संपली बघ,
चुलीतली आण.